दोन सुताला केसभर कमी

आमच्या घरात इस्त्री फिरवायला बंदी आहे. इस्त्री ठेवायची, मनात पाच आकडे मोजायचे, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की कापड ताणतं, कापड ताणलं की तुकडा तिरपा होतो, तुकडा तिरपा झाला की कोपरा जुळत नाही, आणि कोपरा जुळला नाही की आमच्या ह्यांना अन्न गोड लागत नाही. हा कायदा ज्यांनी केला त्या गृहस्थांनी निवृत्त होईपर्यंत हातरुमालालासुद्धा स्वतः इस्त्री केलेली नव्हती, हे इथे नोंदवून ठेवते.

हे चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू व्हर्नियरने मोजायच्या आणि परत पाठवायच्या, याचा त्यांना पगार मिळत असे. निवृत्तीनंतर पगार थांबला, सवय थांबली नाही. पोळ्यांचा व्यास, गॅलरीच्या कठड्याचा काटकोन, सोसायटीच्या लिफ्टचं दार, सगळं नापास करून झालं. मग आम्ही मुलीकडे ओहायोला गेलो. तिच्या गल्लीतल्या आजीबाई दर आठवड्याला चर्चच्या तळघरात जमून क्विल्ट शिवत. खरं तर मी जाणार होते. त्या दिवशी बर्फ पडलं, माझ्या गुडघ्यांनी नकार दिला, आणि "येतो म्हणून सांगितलंय, कुणीतरी गेलं पाहिजे" म्हणत हे गेले. परत आले ते बूट न काढताच म्हणाले, "अगं, त्या सत्तर-सत्तर वर्षांच्या बायका एक-बत्तिसांश इंचावरून भांडतात!" इतक्या आदराने ते आजवर फक्त जर्मन मशीनबद्दल बोलले होते.

लोक अमेरिकेहून येताना चॉकलेटं आणतात. आमच्या बॅगेतून निघाल्या त्या पारदर्शक पट्ट्या, कापायची हिरवी चटई आणि गोल फिरत्या पात्याचा एक कटर. हा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये काढला. त्याआधी बायका पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलीने आखून, एकेक तुकडा कात्रीने कापत. आता चार थर एकदम कापले जातात आणि ह्यांच्यासारख्या माणसांना मध्येच शिरायला वाट होते.

क्विल्टचे थर तीन. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी पदर, मध्ये कापूस, खाली अस्तर. म्हणजे गोधडीचीच भावकी. फरक एवढाच की आपण वापरून विरलेल्या साड्या गोधडीत घालतो, आणि आताचे क्विल्टवाले नवंकोरं कापड विकत आणून, धुऊन, इस्त्री करून, त्याचे तुकडे करून तेच पुन्हा जोडतात. यावर मी काही बोलायचं नाही, असं आमच्यात ठरलं आहे.

जोडताना कडेला माया सोडायची ती पाव इंच. आपल्या सुतार-शिंप्यांच्या हिशेबात इंचाचे आठ सूत, म्हणजे ही माया दोन सूत झाली. आपला टेलर ब्लाउजच्या आत इतकी माया ठेवतो की लग्नात शिवलेलं ब्लाउज एकेक टीप उसवत मुलीच्या लग्नापर्यंत नेता येतं. क्विल्टमध्ये असला दिलदारपणा चालत नाही. दोन सूत म्हणजे दोनच. आणि पूर्ण दोनसुद्धा नाही. दोन सुताला केसभर कमी. कारण शिवण एका बाजूला पाडून दाबली की त्या घडीतच कापडाच्या जाडीइतकं माप खर्ची पडतं. तो खर्च आधीच वळता करून घ्यायचा, म्हणून टीप पाव इंचाच्या एक-दोन धागे अलीकडे, कडेला सरकवून घालायची. "केसभर म्हणजे किती?" असं ह्यांनी ओहायोच्या आजींना विचारलं होतं, मिलिमीटरमध्ये. त्यांनी ह्यांना कॉफी दिली.

या केसभराची एक परीक्षा असते. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवायच्या, शिवणी दाबायच्या आणि मधली पट्टी मोजायची. ती बरोबर एक इंच भरली तर तुम्ही पास. ह्यांची मधली पट्टी भरेना. व्हर्नियर बाहेर आलं. व्हर्नियरचे जबडे कापडाला चिमटतात आणि हवा तो आकडा दाखवतात, हे समजायला एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी माझ्या पायमशीनच्या पाट्यावर ह्यांनी आपली जुनी व्हिजिटिंग कार्डं चळत करून चिकटवली आणि कापडाची कड त्यांना टेकवून शिवायला सुरुवात केली. 'मॅनेजर, क्वालिटी' या अक्षरांना घासून जाणारी प्रत्येक शिवण सरळ येऊ लागली. ही कार्डं निवृत्तीच्या दिवशी रद्दीत टाकायला मी निघाले होते, हे मला तेव्हापासून अधूनमधून ऐकवलं जातं.

केसाचा एवढा बाऊ कशाला, असं मलाही वाटे. मग ह्यांनी कागदावर हिशेब मांडला. टीप अर्धा सूत जास्त आत गेली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचा अर्धा अर्धा मिळून एक सूत गेला. आठ चौकोनांच्या ओळीत शिवणी सात, म्हणजे ओळ सात सुतांनी आखूड, जवळजवळ इंचभर. तिच्या शेजारची ओळ दुसऱ्या दिवशी, पोटात चांगला चहा असताना शिवलेली, बरोबर मापाची. आता या दोघींना एकमेकींशेजारी बसवून कोपऱ्याला कोपरा लावून दाखवा.

कोपरे जुळवायचं खरं तंत्र मात्र मापात नाही, पाठीमागे आहे. चार चौकोन जिथे एकत्र येतात तिथे वरून तुम्हाला एक सुबक फुली दिसते. मागून पाहिलं तर शिवणीच्या मायेचे पदर कुठल्या तरी एका अंगाला पाडलेले असतात. कुठल्या अंगाला, यावर क्विल्टच्या जगात दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, शिवण एकाच बाजूला पाडावी, शक्यतो गडद कापडाकडे, म्हणजे फिक्या कापडाखालून गडद कड डोकावत नाही. दुसरा म्हणतो, शिवण मधोमध उघडावी, एक पदर इकडे, एक तिकडे, म्हणजे पृष्ठभाग सपाट. कॅलेंडरात स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी असली की जसं दोन्ही घरांत दुसऱ्याचा उपास फुकट गेला असं खात्रीने मानतात, तसंच इथे. साबुदाणा दोन्हीकडे तोच.

पहिल्या पंथाकडे इतिहास आहे. हाताने धावदोरा घालून जोडत तेव्हा उघडलेल्या शिवणीवर सगळा ताण एका दोऱ्यावर येई आणि फटीतून कापसाचे तंतू बाहेर डोकावत. बाजूला पाडलेली शिवण जास्त टिकाऊ. दुसरा पंथ म्हणतो, एकोणिसाव्या शतकात शिवणयंत्र आलं, टाका वरच्या आणि खालच्या दोऱ्याच्या गुंफणीचा झाला, आता कशाला घाबरता? टाका जरा बारीक घ्या आणि उघडा. दोघांचंही खरं आहे. मी स्वतः पहिल्या पंथाची, आणि माझं कारण तात्त्विक नाही. पाव इंचाचे दोन चिमुकले पदर बोटांनी फाकवून त्यांच्यावर गरम इस्त्री टेकवायची तर बोटं कुठे ठेवायची, याचं उत्तर दुसऱ्या पंथाने अजून दिलेलं नाही. ह्यांच्या दोन्ही हातांच्या तर्जन्यांवर त्या पंथात घालवलेल्या आठवड्याच्या खुणा आहेत.

मग हे पहिल्या पंथात आले आणि तिथे त्यांना गुपित सापडलं. नऊ चौकोनांचा साधा ब्लॉक घ्या: तीन पट्ट्या, प्रत्येकीत तीन चौकोन, गडद-फिका-गडद, फिका-गडद-फिका, पुन्हा गडद-फिका-गडद. सगळ्या शिवणी गडद कापडाकडे पाडल्या की पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीतल्या आपोआप बाहेर झुकतात, मधलीतल्या आत. आता दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून कड चाचपली की एका शिवणीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्याला बरोबर अडतो. दोन्ही एकाच अंगाला झुकल्या असत्या तर एकीवर एक चढून गुठळी झाली असती. विरुद्ध झुकल्या म्हणून एकमेकींना टेकून थांबतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हे थांबणं कळतं. डोळे मिटले तरी कळतं. ह्यांना ते पहिल्यांदा कळलं तेव्हा ते अर्ध्या रात्री मला उठवायला आले, "अगं, लॉक होतंय!" घरात चोर शिरला समजून मी पलंगाखालची काठी काढली होती.

नऊ चौकोनांत सगळं सुखाने चालतं, कारण तिथे गडद-फिका एकाआड एक आहेत. ब्लॉक जरा गुंतागुंतीचा झाला की दोन नियम भांडतात. गडदाकडे पाडावी म्हटलं तर शेजारची शिवणही त्याच बाजूला येते; विरुद्ध पाडावी तर गडद कड फिक्याखाली जाऊन बसते. तुकडे शंभर आणि निर्णय दोनशे. म्हणून क्विल्टच्या नकाशांवर बारीक बाण काढलेले असतात, ही शिवण इकडे, ती तिकडे. ह्यांना ते बाण अपुरे वाटले. त्यांनी संगणकावर स्वतःचं ड्रॉइंग काढलं, सेक्शन ए-ए, सेक्शन बी-बी, कोपऱ्यात चौकट: 'ड्रॉन बाय' पुढे स्वतःचं नाव, 'चेक्ड बाय' पुढे माझं. मी न बघता सही केली. कारखान्यातही असंच चालत असणार.

त्रिकोणांचं प्रकरण आलं तेव्हा माझ्या सहीची गरज उरली नाही, थेट ओहायोला फोन गेला. चौकोन तिरका कापून दोन त्रिकोण काढायचे असतील तर तयार मापात सात सूत मिळवून चौकोन कापायचा, असा नियम. सातच का? त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना पाव इंच माया, आणि तिरक्या बाजूची माया टोकांशी लांबत जाते. भूमिती मांडली तर पाव इंच गुणिले दोन अधिक वर्गमूळ दोन, म्हणजे ०.८५३६ इंच. सात सूत म्हणजे ०.८७५. "अर्ध्या मिलिमीटरची लबाडी आहे ही!" हे फोनवर ओरडले. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, मोठा कापायचा, शिवायचा, आणि नंतर छाटून मापात आणायचा. झोपा आता." छाटायचं! म्हणजे आधी चुकीचं बनवायचं आणि मग दुरुस्त करायचं. अशा गोष्टींसाठी ह्यांनी एकेकाळी लोकांना मेमो दिले होते.

त्रिकोणाची तिरकी बाजू उरेब असते. उभ्या आडव्या धाग्यावर कापड इमानदार. उरेब कडेला धरून जरा ओढलं की रबरासारखं येतं आणि परत जात नाही. इस्त्री फिरवायला बंदी आहे ती मुख्यतः या कडेसाठी. वाफ सोडली तर आणखीच भर. आधी शिवण बंद असतानाच तिच्यावर इस्त्री टेकवायची, म्हणजे दोरा कापडात बसतो, मग वरचा तुकडा उलटून शिवणीवर नख ओढून पुन्हा टेकवायची. माझ्या आजीने साडीच्या घडीवरून जड पितळी तांब्या फिरवला असता आणि प्रश्न मिटवला असता. पण आजी नाही, तांब्या शोकेसमध्ये आहे.

चार चौकोन, प्रत्येकात गडद-फिका असे दोन त्रिकोण, ते गोलाकार मांडले की भिंगरी होते. वरून अतिशय देखणी. मागून पाहिलं तर मध्यबिंदूवर आठ शिवणी मोक्याची जागा धरून बसलेल्या. तिथे मशीनची सुई येते तेव्हा खट्ट होतं, आणि कधी पुढे काहीच होत नाही कारण सुई मोडलेली असते. त्या पोटाला सपाट करण्यासाठी अमेरिकेत लाकडी हातोडा वापरतात हे वाचून ह्यांनी खलबत्त्यातला बत्ता उचलला. खालच्या मजल्यावरून फोन आला, मेतकूट दळताय का? दुसरा उपाय असा की गरम इस्त्री उचलताक्षणी शिवणीवर कडक लाकडाचा ठोकळा दाबून ठेवायचा. लाकूड वाफ शोषून घेतं, उष्णता धरून ठेवतं आणि घडी तिथेच पक्की होते. आमच्याकडे तो ठोकळा म्हणजे सत्यनारायणाला काढायचा पाट. आता पूजा असली की पाटावरचे दोरे आधी काढावे लागतात.

खरा उपाय मात्र वेगळाच निघाला, आणि तो मला फार आवडतो. मधल्या छेदाजवळ, मायेतल्या भागात, आधी घातलेल्या टिपेचे दोन-तीन टाके उसवायचे. मग चारही शिवणी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, एकामागून एक वळवता येतात. गुठळी चारी बाजूंना विखुरते, आणि पाठीमागे मध्यावर नखाएवढी आणखी एक भिंगरी उमलते, जी कुणीही काढलेली नसते. ह्यांनी ती मला भिंगातून दाखवली. तेवढ्यासाठी त्यांना बत्त्याची माफी केली.

गुरुवारी आमच्याकडे वीज जाते. अशाच एका गुरुवारी पट्ट्यांची चळत घेऊन हे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. मी भाजी घ्यायच्या निमित्ताने मागे उभी राहिले. इस्त्रीवाल्याने एक पट्टी दोन बोटांत धरली. "टाय आहेत का काका? आखूड झालेत." हे म्हणाले, पहिल्या पट्टीच्या शिवणी बाहेर, दुसरीच्या आत, तिसरीच्या बाहेर, आणि इस्त्री ओढायची नाही. तो म्हणाला, "टायचा रेट नाही, रुमालात धरतो." मग त्याने कोळशाची ती भली जड इस्त्री बंद शिवणीवर टेकवली, उचलली, अंगठ्याच्या नखाने पदर उलटला आणि पुन्हा टेकवली. शिवण आधी बसवायची, मग पाडायची. ओहायोच्या आजींनी तळघरात जे शिकवलं ते. कुणी सांगितलं तुम्हाला, असं ह्यांनी विचारलं. "कुणी कशाला सांगायला पाहिजे?" तो म्हणाला आणि शर्टाकडे वळला.

घरी येऊन पाहिलं तर त्याने सगळ्या पट्ट्यांच्या सगळ्या शिवणी उजवीकडे पाडलेल्या. आत नाही, बाहेर नाही, उजवीकडे. हे हताश होऊन बसले. मी एक पट्टी उचलून उलट टोकाने ठेवली. तिच्या शिवणी डावीकडे झाल्या. शेजारची तशीच ठेवली, उजवीकडे. दोघी विरुद्ध. कड चाचपली, अडली. अख्खी चळत अशीच, एक सुलटी एक उलटी, जुळत गेली. सेक्शन ए-ए आणि बी-बी तेव्हापासून कपाटावर आहेत आणि रुमालाच्या रेटाने आमचं बरंच काम होतं.

आता क्विल्टवाले काही अगदीच निर्दय नाहीत. न जुळलेल्या कोपऱ्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी सवलत आहे: धावत्या घोड्यावरून जाताना जी चूक दिसत नाही, ती चूक नाही. मुलीने ही सवलत बाबांना कळवली. त्यांनी विचार करून उत्तर दिलं की पुण्यात घोडा वरातीत चालतो आणि रेसकोर्सवर धावतो, दोन्ही ठिकाणी क्विल्ट नसतो, त्यामुळे नियम लागू करता येत नाही. दुसरी एक गोष्ट तिथे भाविकपणे सांगतात: आमिश या ख्रिस्ती पंथातल्या बायका म्हणे प्रत्येक क्विल्टमध्ये एक तुकडा जाणूनबुजून चुकवतात, कारण परिपूर्ण फक्त देव. क्विल्टचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनी ही दंतकथा मानून बाजूला ठेवली आहे. मलाही ती पटत नाही. मुद्दाम एकच चूक करायची तर बाकी सगळं बिनचूक यायला हवं, आणि हातात सुई धरलेल्या कुठल्याही बाईला विचारा, अशी अडचण तिला कधी आली होती का. उसवणीचं हत्यार ह्यांच्या खिशाला पेनाच्या जागी असतं.

एका संध्याकाळी मुलीने जीज बेंडच्या क्विल्टांचं पुस्तक पाठवलं. अलाबामा नदीच्या वळणात वसलेली ही वस्ती, तिथल्या कृष्णवर्णीय बायका, पूर्वजांची गुलामी त्याच मळ्यांवरची. कामाच्या विरलेल्या पँटी, ओव्हरऑल, पिठाच्या गोण्या, जे हाती येईल ते फाडून जोडलेलं. ओळी तिरक्या निघतात, चौकोन फुगतात, एक पट्टी संपली म्हणून मधेच दुसऱ्याच रंगाची सुरू होते. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा विचारही कुणी केलेला दिसत नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीत ते भिंतींवर लागले, आणि चित्रांची पारख करणाऱ्यांनी त्यांची गाठ थेट आधुनिक अमूर्त चित्रांशी घातली. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. ह्यांनी पुस्तक शेवटपर्यंत पाहिलं. पट्टी हातात होती, कुठेही ठेवली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे नापास करता येत नाही." क्वालिटी कंट्रोलमध्ये यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसतं असं मला वाटतं.

मी तेवढ्यात आपलं घोडं पुढे दामटलं. आपल्या गोधडीतही कोपरा जुळवायचा नसतोच. ठिगळाची कड आत दुमडायची आणि धावदोऱ्याने खालच्या सगळ्या थरांसकट शिवत जायचं. माया कुठे पाडू हा प्रश्न उगवतच नाही, इस्त्रीचा तर नाहीच. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून बरेचसे गोव्यामार्गे आले, त्यांची कवंदीही अशीच. काठापासून सुरू करून फेर धरत मध्याकडे जायचं आणि चारी कोपऱ्यांना दुमडून केलेली छोटी फुलं लावायची. फुलं नसतील तर कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. ह्यांनी एवढं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, फुलांचं माप काय?

शेवटी वरचा पदर पुरा झाला. छत्तीस भिंगऱ्या आणि मधेमधे नऊ चौकोनांचे ब्लॉक, निळा आणि हळदी रंग. पाहुणे आले की हे आधी उलटी बाजू दाखवत. "बघा, किती सपाट." पाहुणे सुलट बाजूची वाट बघत चहा संपवत. अस्तर लावायचं मी काढलं की ह्यांचा चेहरा उतरे, कारण अस्तर लागलं की मागचं सगळं कायमचं झाकलं जाणार, आणि कोणती शिवण कुठे झुकली हे पुन्हा कुणालाही कळणार नाही.

पावसाळ्याच्या आधी आमच्या भागात गोधडी शिवणाऱ्या मावशी येतात. त्यांना बोलावलं. गॅलरीत सतरंजीवर तिन्ही थर पसरले. हे कपाटावरचं ड्रॉइंग घेऊन शेजारी बसले आणि टाका बरोबर शिवणीच्या खाचेतून न्यायचा असं सांगू लागले. मावशींनी ड्रॉइंगकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझी सुई कडंनं सुरू हुती, मग आत," म्हणाल्या आणि काठाला गाठ मारली. ह्यांच्या सगळ्या कोपऱ्यांना आडवी छेदत धावदोऱ्याची पहिली ओळ निघाली. ह्यांनी मान फिरवली. थोड्या वेळाने मावशी थांबल्या, वरून बोट फिरवलं. "हितं उजव्या अंगाला जाड हाय. डावीकडनं घेते." पुढच्या चौकोनात: "हितं डावीकडं हाय." हे एकदम ताठ झाले. ड्रॉइंगवर बोट ठेवून ते मावशींच्या पुढे पुढे वाचू लागले, उजवी, डावी, डावी, आणि मावशींचं बोट प्रत्येक वेळी तेच सांगत गेलं. कापसाच्या वरून, न बघता. मी आत जाऊन दोघांसाठी चहा ठेवला.

चहा घेऊन आले तेव्हा सुई अडकली होती. पहिल्यापहिल्या भिंगऱ्यांपैकी एक, टाके उसवायची युक्ती कळायच्या आधीची. मावशींनी सुई डोक्याच्या केसांवर घासली, पुन्हा घातली, पुन्हा अडकली.

"सायेब, आत गाठी ऱ्हायल्यात. गाठीचं पैसं येगळं."

"गाठी नाहीत त्या मावशी," हे म्हणाले. "जंक्शन आहे ते. आठ शिवणींचं."

मावशींनी सुई बाजूला टोचून ठेवली आणि बशीत चहा ओतला. "मंग जंक्शनचं जास्ती पडंल."